दोन लांबच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ स्वतः कसा काढायचा

माझी मावशी सिडनीला मुलीकडे राहायला गेली होती आणि तिथून तिला लॉस एंजेलिसला मुलाकडे जायचं होतं, एकटीनं, पहिल्यांदाच. जून महिना होता. तिकीट आल्यावर तिनं मला फोन केला, म्हणाली अरे सकाळी दहाला विमान सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी साडेसहाला पोचतं असं लिहिलंय, हे चुकून छापलंय का? चुकलेलं काहीच नव्हतं. पण नुसतं "बरोबर आहे गं" म्हणून तिचं समाधान होणार नव्हतं, कारण तिला विचारायचं होतं ते वेगळंच, विमानात नक्की किती तास बसायचंय, पाय सुजतील का, आणि बीपीची गोळी कधी घ्यायची. म्हणून मी कागद-पेन घेऊन बसलो आणि सगळं पहिल्यापासून काढलं, तेच इथं जसंच्या तसं मांडतोय म्हणजे तुम्हाला कुठल्याही दोन गावांसाठी वापरता येईल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. "किती तास लागतात" याला चार वेगवेगळी उत्तरं असतात. विमान हवेत किती वेळ असतं हे एक. गेटवरून हलल्यापासून समोरच्या गेटला लागेपर्यंत किती वेळ जातो हे दुसरं. दोन्हीकडच्या भिंतीवरच्या घड्याळांत किती फरक दिसतो हे तिसरं, आणि घराच्या दारातून निघून दुसऱ्या घराच्या दारात पोचायला किती लागतात हे चौथं. तीन वेबसाइट बघितल्या की तीन आकडे दिसतात आणि माणूस गोंधळतो, त्यातले बरेचसे आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त प्रत्येकजण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो.

आधी विमानतळ नक्की कोणता ते बघा

ही पायरी लोक सोडून देतात. शहराचं नाव टाकून अंतर काढू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड टाका. लंडनला हीथ्रो म्हणजे एलएचआर वेगळा, गॅटविक एलजीडब्ल्यू वेगळा. टोकियोला नारिता एनआरटी शहरापासून बराच लांब आहे आणि हानेदा एचएनडी जवळ आहे, अंतरात फार फरक पडत नाही पण उतरल्यावर घरी पोचायच्या वेळात चांगलाच पडतो. आणि नावाचा घोळ तर खूप मोठा होऊ शकतो, सिडनी नावाचं एक गाव कॅनडात नोव्हा स्कॉशियामध्येही आहे, त्याचा कोड वायक्यूवाय, आणि ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा एसवायडी. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे तसं कोस्टा रिकातही आहे. तिकिटावर कोड छापलेला असतो, तोच धरा.

अंतर काढायचं कसं

पृथ्वी गोल आहे, त्यामुळं भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर लांबच्या प्रवासाला उपयोगाचं नाही. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक एका शहरावर धरा, दुसरं टोक दुसऱ्यावर, आणि दोरा ताणा. तो ताणलेला दोरा म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता, याला ग्रेट सर्कल म्हणतात. टोकियो ते न्यूयॉर्क असा दोरा ताणला तर तो अलास्काकडून जातो, लॉस एंजेलिस ते लंडन ताणला तर ग्रीनलंडच्या दक्षिण भागाकडे जातो. सपाट नकाशावर हेच रस्ते उगाच वर वळसा घेतल्यासारखे दिसतात, पण खरे सरळ तेच आहेत. मुलं असतील घरात तर त्यांच्या हातात दोरा द्या, दोन मिनिटांत कळतं त्यांना.

आकडा हवा असेल तर ग्रेट सर्कल मॅपरसारख्या साइटवर दोन कोड टाकले की लगेच मिळतो. पण एकदा तरी हातानं करून बघा असं मी सांगेन, कारण एकदा केलं की साइटचा आकडा चुकीचा वाटला तर का चुकला ते कळतं. मी मावशीसाठी केलेलं गणित देतो.

सिडनी विमानतळ अक्षांश 33.95 दक्षिण, रेखांश 151.18 पूर्व. लॉस एंजेलिस अक्षांश 33.94 उत्तर, रेखांश 118.41 पश्चिम. दक्षिण आणि पश्चिम यांना उणे चिन्ह लावायचं, म्हणजे सिडनी −33.95 आणि 151.18, लॉस एंजेलिस 33.94 आणि −118.41. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा केला की बऱ्याच फोनमध्ये साइन-कॉसची बटणं येतात, तो डिग्री मोडमध्ये आहे ना ते बघून घ्या.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा, आला −0.3118. मग दोन्ही अक्षांशांच्या कॉसचा गुणाकार, 0.6882, आणि त्याला रेखांशातल्या फरकाच्या कॉसनं गुणा. रेखांशातला फरक 151.18 वजा −118.41 म्हणजे 269.59 अंश, हा आकडा 180 च्या वर गेला म्हणून घाबरायचं नाही, याचा अर्थ दुसऱ्या बाजूनं जवळ आहे, 90.41 अंश, आणि कॉस दोन्हीचा सारखाच येतो, −0.0072. गुणाकार −0.0049. दोन्ही भागांची बेरीज −0.3167. याचा उलटा कॉस (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹ लिहिलेलं बटण) घेतला की 108.47 अंश. पृथ्वीवर ग्रेट सर्कलवरचा एक अंश म्हणजे साधारण 111.2 किलोमीटर, म्हणून गुणून साधारण 12,060 किलोमीटर.

उणे चिन्ह विसरलं तर काय होतं तेही मी मुद्दाम करून बघितलं. सिडनीच्या अक्षांशाचं उणे विसरलो तर अंतर आलं साधारण 8,020 किलोमीटर, आणि लॉस एंजेलिसच्या रेखांशाचं विसरलो तर साधारण 8,290. म्हणजे एका छोट्याशा आडव्या रेघेनं चार हजार किलोमीटर गायब होतात, आणि आकडा दिसायला अगदी खरा वाटतो, म्हणून हीच जागा दोनदा तपासायची.

साइटवर याच मार्गाचं अंतर 12,051 किलोमीटर दिसतं आणि आपलं 12,060 आलं, हा फरक चूक नाही. पृथ्वी अगदी बॉलसारखी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, विषुववृत्तावर त्रिज्या 6,378 किलोमीटर आणि ध्रुवाकडे 6,357. आपण ती सरळ गोल धरली, साइटनं चपटेपणा धरला. न्यूयॉर्कच्या जेएफके ते हीथ्रोचं अंतर याच कारणानं कुठं 5,540 दिसतं कुठं 5,555. इतक्या फरकाचा प्रवाशाला काही त्रास नाही.

त्रास होतो तो एककांचा. एकाच मार्गाला कुठं 7,488 लिहिलेलं असतं, कुठं 6,507, कुठं 12,051. तिन्ही बरोबर, पहिले साधे मैल, दुसरे नॉटिकल मैल, तिसरे किलोमीटर. साधा मैल म्हणजे 1.609 किलोमीटर, नॉटिकल मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. विमानवाले नॉटिकल मैलातच बोलतात.

अंतरावरून तास

लांब पल्ल्याची मोठी विमानं, बोइंग 787 किंवा एअरबस ए350 सारखी, आवाजाच्या वेगाच्या 0.85 पट वेगानं जातात. त्या उंचीवर हवा उणे 54 अंशांच्या आसपास थंड असते आणि थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, ताशी 1,065 किलोमीटरच्या आसपास, म्हणून विमानाचा वेग साधारण 900 किलोमीटर येतो. लहान विमानं, ए320 किंवा 737, ती 0.78 च्या आसपास, म्हणजे 830 किलोमीटर.

मी वापरतो तो ठोकताळा असा, लांबच्या प्रवासाला अंतर भागिले 900, अधिक पाऊण तास. हा पाऊण तास धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, वर चढताना कमी वेग, उतरताना रांगेत थांबणं, आणि गेटला लागणं यात जातो. सिडनी-लॉस एंजेलिसला 12,050 भागिले 900 म्हणजे 13.4 तास, अधिक पाऊण, साधारण 14 तास 10 मिनिटं. जेएफके-हीथ्रोला 6 तास 10 मिनिटं अधिक पाऊण, म्हणजे सात तासांच्या जरा आत. दोनेक हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला 900 ऐवजी 800 नं भागा, कारण विमान पूर्ण वेगात फार वेळ राहतच नाही.

तिकिटावरचा वेळ हा गेट ते गेट असतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात, ते काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ, म्हणून ब्लॉक. आणि कंपन्या त्यात थोडी शिल्लक धरूनच ठेवतात, त्यामुळं विमान उशिरा सुटूनही कधी कधी वेळेवर पोचतं.

वारा, यानंच जाताना आणि येताना वेगळा वेळ लागतो

ठोकताळ्यात वारा धरलेला नाही आणि सगळ्यात जास्त फरक तोच पाडतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त, कधी कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर. विमान त्या हवेतच उडतं, म्हणजे वाहत्या नदीत पोहणाऱ्यासारखं, हात तेवढेच मारले तरी प्रवाहाबरोबर लवकर पोचतो आणि उलट दिशेनं दमछाक होते. म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला येताना सातएक तास लागतात आणि लंडनहून न्यूयॉर्कला जाताना पावणेआठ ते आठ.

अनेकांना वाटतं की जाताना वाचतं तेवढंच येताना जातं, हिशोब बरोबर. तसं होत नाही. 5,555 किलोमीटरला वाराच नसेल तर 6 तास 10 मिनिटं. 150 चा वारा पाठीशी असेल तर 5 तास 17 मिनिटं, तोच समोरून असेल तर 7 तास 24 मिनिटं. जाऊन-येऊन 12 तास 41 मिनिटं, आणि वारा नसता तर 12 तास 20. कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, त्यामुळं नुकसान नेहमी फायद्यापेक्षा मोठं असतं.

फेब्रुवारी 2020 मध्ये एका वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबानं त्याचा वेग ताशी 1,327 किलोमीटरपर्यंत गेला होता. ऐकताना वाटतं आवाजाचा वेग ओलांडला, पण ओलांडला नव्हता, विमान हवेच्या तुलनेत नेहमीच्याच वेगात होतं, हवाच त्याला ढकलत होती. विमानातल्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड 1,100 दिसला की शेजारच्याला हे सांगा, पहिल्यांदा प्रवास करणारे घाबरतात ते बघून.

तेव्हा ठोकताळ्यातून आलेल्या वेळात, पूर्वेकडे जायचं असेल तर अर्धा-पाऊण तास कमी करा आणि पश्चिमेकडे जायचं असेल तर तेवढाच वाढवा. सिडनीहून लॉस एंजेलिसला साडेतेरा आणि परत येताना पंधरा, म्हणजे आपला 14 तास 10 मिनिटांचा आकडा जवळपास मधोमध बसतो. पूर्व-पश्चिम वारा उत्तर-दक्षिण मार्गाला फारसा लागू नाही, तिथं दोन्हीकडचा वेळ जवळजवळ सारखा.

दोऱ्याचा रस्ता आणि खरा रस्ता

विमान नेहमी त्या ताणलेल्या दोऱ्यावरूनच जातं असं नाही. कधी वाऱ्यासाठी मुद्दाम लांबचा रस्ता घेतात. उत्तर अटलांटिकवर तर रोज वाऱ्याचा अंदाज बघून समुद्रावरचे मार्ग नव्यानं आखले जातात, म्हणून आज आणि उद्याच्या विमानाचा रस्ता वेगळा दिसतो. दोन इंजिनांच्या विमानांना एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळेत पोचता येईल असा विमानतळ आवाक्यात ठेवावा लागतो, त्यामुळं दक्षिण गोलार्धातल्या मोकळ्या समुद्रावर रस्ता वाकतो. तिबेटच्या पठारावरून बरीच विमानं जात नाहीत, कारण केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमान पटकन तीनेक हजार मीटरपर्यंत खाली आणावं लागतं आणि तिथं जमीनच त्याहून उंच आहे.

आणि कधी आकाशच बंद असतं. हेलसिंकी ते टोकियो अंतर आठ हजार किलोमीटरच्याही आत, पूर्वी साडेनऊ तास लागायचे. 2022 मध्ये रशियाचं आकाश फिनलंडच्या विमानांना बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांचा झाला, काही विमानं तर उत्तर ध्रुवावरून जायला लागली. म्हणून जुन्या लेखातला किंवा कोणीतरी पाच वर्षांपूर्वी सांगितलेला वेळ धरू नका. फ्लाइटरडार24 किंवा फ्लाइटअवेअरवर आपल्या विमानाचा नंबर टाका, मागच्या काही दिवसांत ते खरंच कधी सुटलं आणि कधी टेकलं ते दिसतं, नकाशावर रस्ताही दिसतो. गणित करून झाल्यावर मी नेहमी इथं पडताळतो, आणि नातेवाइकांना घ्यायला जायचं असेल तर याच्यावरच निघायची वेळ ठरवतो.

घड्याळाचं गणित

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून सावकाश वाचा. पद्धत एकच, दोन्ही वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे सगळं जग ज्याच्यावरून आपापली घड्याळं लावतं त्या एका समान वेळेत आणा आणि मग वजाबाकी करा. दोन शहरांच्या वेळा एकमेकांतून थेट वजा करायच्या नाहीत.

मावशीचं विमान सिडनीहून सकाळी 10 ला. जूनमध्ये सिडनी यूटीसीच्या 10 तास पुढं, म्हणजे यूटीसी रात्रीचे 12, तारीख तीच. लॉस एंजेलिसला सकाळी 6:30, जूनमध्ये ते यूटीसीच्या 7 तास मागं, म्हणून 7 मिळवायचे, यूटीसी दुपारचे 1:30. रात्री 12 ते दुपारी 1:30 म्हणजे साडेतेरा तास. हा तिचा विमानातला वेळ. तिकिटावर साडेतीन तास आधी पोचल्यासारखं दिसत होतं कारण मध्ये तारीख बदलायची रेषा ओलांडली.

परतीचं उलटं. लॉस एंजेलिसहून सोमवारी रात्री 10:30 ला निघाली, यूटीसीमध्ये मंगळवार पहाटे 5:30. पंधरा तासांनी मंगळवार रात्री 8:30 यूटीसी, सिडनीत बुधवार सकाळी 6:30. तिच्या आयुष्यातून तो मंगळवार जवळजवळ गेलाच. तिकिटावर वेळेपुढं बारीक अक्षरात अधिक 2 लिहिलेलं असतं ते हेच, आणि घ्यायला येणाऱ्याला वार आणि तारीख दोन्ही लिहून पाठवा, नुसतं "सकाळी साडेसहा" नको.

काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढं करतात, त्या उन्हाळी वेळेचा घोळ वेगळाच. सिडनी आणि लॉस एंजेलिसमध्ये जूनमध्ये 17 तासांचा फरक असतो, डिसेंबरमध्ये 19, आणि दोन्हीकडे घड्याळं वेगवेगळ्या तारखांना बदलतात म्हणून मधल्या काही आठवड्यांत 18. म्हणून "आमच्यात नि त्यांच्यात इतके तास" असं पाठ केलेलं चालत नाही, प्रवासाच्या तारखेला दोन्हीकडे काय चालू आहे ते बघावं लागतं. शिवाय सगळे फरक पूर्ण तासांचेच असतात असं नाही, नेपाळ यूटीसीच्या 5 तास 45 मिनिटं पुढं आहे.

मध्यरात्रीच्या विमानांबद्दलही एक सांगायचंय. तिकिटावर 15 तारीख आणि वेळ 00:30 असेल तर विमानतळावर 14 तारखेच्या रात्री जायचंय. 15 च्या रात्री गेलात तर विमान जाऊन दिवस होत आलेला असेल. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं असं झालं, सगळं सामान बांधून चार माणसं पोचली आणि काउंटरवर कळलं, तेव्हापासून मी कोणाचंही तिकीट बघितलं की पहिल्यांदा हीच वेळ बघतो.

मध्ये उतरायचं असेल तर

पहिल्या विमानतळावरून निघायची वेळ आणि शेवटच्याला पोचायची वेळ, दोन्ही यूटीसीत आणून वजा करा, मधला थांबा आपोआप धरला जातो. डायरेक्ट आणि नॉनस्टॉप एक नाहीत हेही लक्षात ठेवा, डायरेक्ट विमान मध्ये कुठंतरी उतरूनही त्याच नंबरनं पुढं जाऊ शकतं. आणि थांबा किती तासांचा आहे एवढंच बघू नका, तिथं काय करावं लागतं ते बघा. अमेरिकेत पुढचं विमान धरायचं असलं तरी साधारणपणे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करून बॅगा उचलून परत द्याव्या लागतात, तिथं दीड तासाचा थांबा मला तरी कमीच वाटतो. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, तिथं चार-पाच तास हातात ठेवाच.

मावशीचा कागद

घरातून ती सकाळी 6 ला निघणार, उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, गाडी धरून लॉस एंजेलिसच्या साडेनऊला मुलाच्या घरी. साडेनऊ म्हणजे यूटीसी दुपारचे 4:30, सिडनीच्या घड्याळात रात्रीचे अडीच. सहा ते अडीच, साडेवीस तास. हे ऐकल्यावर तिला पहिल्यांदा प्रवासाचा अंदाज आला, आणि तिनं स्वतःहून सांगितलं की मग मी त्या दिवशी घरी गेल्यावर कोणाला भेटायला नाही येणार.

गोळी ती रोज सकाळी 8 ला घेते. निघायच्या दिवशी सिडनीत 8 ला घेतली, आणि उतरल्यावर तिकडं पुन्हा सकाळचे 8 वाजणार, तारीखही तीच. तेव्हा खरे तास झालेले असणार 17, चोवीस नाही. काय करायचं हे मी नाही ठरवलं, तिला हा 17 चा आकडा लिहून दिला आणि तो घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं, कारण डॉक्टरांना "दुसऱ्या दिवशी सकाळी घेऊ का" असं विचारलं तर त्यांनाही नीट उत्तर देता येत नाही, तास सांगितले की येतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय निघूच नये.

त्या कागदावर शेवटी एवढंच होतं, मोठ्या अक्षरात, तिच्या पर्सच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेलं. विमानात साडेतेरा तास. दारापासून दारापर्यंत साडेवीस. उतरशील तेव्हा तिकडं सकाळ, तुझ्या अंगाला रात्रीचे साडेअकरा. गोळीचं डॉक्टरांनी सांगितलेलं मागच्या बाजूला.